पाहण्यावर पोट असलेली माणसं : एका छायाचित्र-प्रकल्पाच्या नोंदी

१७ ऑक्टोबर २०२४

आजपासून नोंदी ठेवते आहे. विषय ठरला: ज्यांच्या कामात नीट पाहणं हाच मुख्य भाग आहे अशा विदर्भातल्या माणसांजवळ जाऊन बसायचं. ती काय पाहतात, कुठून पाहतात, कोणत्या उजेडात पाहतात हे आधी समजून घ्यायचं आणि छायाचित्रं मग करायची.

हे डोक्यात यायचं कारण लिहून ठेवते. फोटोग्राफरला कल्पना कुठून सुचतात असं कुणी विचारलं की आम्ही सगळे मोठ्या छायाचित्रकारांची नावं घेतो. त्यात खोटं काही नाही. चौकट कशी बांधायची, रिकामी जागा कशी सोडायची हे मी त्यांच्याच पुस्तकांतून शिकले. पण गेली काही वर्षं मोबाइलवर रोज इतकी चित्रं डोळ्यांखालून जातात की आपलं चित्र काढायच्या आधीच ते कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं. विदर्भाचं तर ठरूनच गेलंय: भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावलेला शेतकरी, मावळतीला बंडी. ते दुःख खरं आहे. मी इथल्याच एका गावात राहते, मला ते कुणी सांगायला नको. पण त्याच गावात, त्याच हंगामात, बियाण्याचा एकेक दाणा बोटानं बाजूला सारणारी बाईही आहे आणि तिचं ते लक्ष देणं मला कुठल्याच चित्रात दिसत नाही. मला ते हवंय.

यादी कच्ची आहे: कापसाची प्रत पाहणारा, संत्र्याचा बगिचा नजरेनं तोलणारा व्यापारी, बैलाचा पारखी, रातची जागल करणारे, झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवणारा, तलावावरचे ढीवर. एकच कॅमेरा, ३५ आणि ५० एमएमच्या दोन लेन्स. लागलीच तर २४ उसनी आणेन. खर्च लग्नसराईतल्या कमाईतून बाजूला काढलेला आहे.

२४ ऑक्टोबर

सेवाग्रामला गेले. या प्रकल्पाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी असं वाटत होतं, कारण कनू गांधी.

गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, तेच पुढं सेवाग्राम झालं. कनू त्यांचा पुतणनातू, आश्रमातच काम करणारा तरुण. त्याला फोटो काढायची ओढ लागली. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला असं बसा तसं बसा सांगायचं नाही, आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही.

या अटी मी आधीही वाचल्या होत्या. आज बापू कुटीत बसून त्या नीट कळल्या. माती, बांबू, वरती कवेलू, उतरतं छप्पर. बाहेर ऑक्टोबरचं रखरखीत ऊन आणि आत आल्यावर डोळे स्थिरावायलाच वेळ लागतो. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली नक्षी आहे. ताडाची झाडं, चरखा. ती समोरून पाहिली तर भिंतीत मिसळून जाते, उजेड कडेनं येतो तेव्हा उठून दिसते. कॅमेरा पिशवीतच ठेवला, उजेड मोजायचं मीटर तेवढं हातात धरलं. दारापासून आत दोन पावलं गेलं की उजेड पाव होतो.

त्या काळची फिल्म आजच्या मानानं फार मंद. रोलायफ्लेक्समध्ये एका रोलवर बारा चित्रं. फ्लॅश नाही, थांबा म्हणायचं नाही. मग कनू गांधींपुढं एकच वाट उरते: माणूस उजेडात आपणहून कधी येतो याची वाट पाहायची, आणि तो कुठं येणार हे आधी ओळखून तिथं जाऊन बसायचं. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा असतो. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला तो आपोआप येतो. त्यांच्या चित्रांत माणसं कुणी आपल्याला पाहतंय अशी वागत नाहीत, त्यात या साधनाचाही वाटा असावा असं मला वाटतं.

पहिल्या दोन अटी मी या प्रकल्पाला जशाच्या तशा लावते आहे.

८ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. लग्नांची कामं एकादशीनंतर सुरू होतील, तोवर गाव मोकळं आहे.

शेजारच्या आजी हरभऱ्याचं घरचं बियाणं निवडायला बसल्या होत्या. त्यांच्या घराला पुढं छपरी, मागं परसदार. सकाळी त्या मागच्या दारात बसतात, दुपार कलली की पुढं येतात. मला वाटायचं, सावलीसाठी. आज विचारलं तर म्हणाल्या, "उनात निवडाले बसलं त डोये दिपतात, अन् अंधारात किडका दाना सुटते. म्हनून दारात."

मीटर लावून पाहिलं. त्या जिथं बसतात तिथं ऊन अंगावर येत नाही, पण समोरचं अख्खं आभाळ त्यांच्या सुपावर उतरतं. सावली आहे, पण मऊ आणि एकाच बाजूची. दाण्याला पडलेलं बारीक छिद्र तिथंच दिसतं, कारण छिद्राच्या काठाला सावलीची रेघ येते. युरोपातले चित्रकार आपली कामाची जागा उत्तरेच्या खिडकीपाशी घेत, जुन्या फोटो स्टुडिओंना त्याच बाजूला काचेचं छप्पर असे, तेही याचसाठी. उत्तरेकडून ऊन आत येत नाही, आभाळाचा उजेड मात्र दिवसभर जवळपास सारखा राहतो. आजींनी हे कुठं वाचलेलं नाही. किडका दाणा पेरला तर तेवढी जागा वाया जाते, त्या काळजीनं त्यांना बसायची जागा शोधून दिली.

इथं मला प्रकल्पाचा धागा सापडल्यासारखं वाटतं. ज्याला खरंच पाहायची गरज आहे त्यानं उजेड आधीच शोधून ठेवलेला असतो. मी फक्त त्याच्या मागं जायचं.

आजींची चित्रं: ५० एमएम, एफ २.८, सूप आणि हात. चेहऱ्याची एकच चौकट, त्यात त्या दाण्याकडे पाहताहेत. हिरवट पिवळ्या दाण्यांत बोटानं पाडलेली एक वाट दिसते. चांगले दाणे एका अंगाला, वाईट दुसऱ्या. त्याच चौकटीनं मला सगळ्यात आनंद दिला.

जाता जाता ज्योती भट्ट आठवले. बडोद्याचे चित्रकार, पण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅमेरा घेऊन खेड्यांतल्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं टिपत हिंडले. नुसत्या नक्षीपेक्षा ती काढणारी बाई, तिचं घर, कोपऱ्यात झोपलेलं मूल सगळं चौकटीत घेणं, ही त्यांची रीत. वस्तू तिच्या माणसासकट दाखवायची, हे त्यांच्याकडून घेतलेलं मी विसरायचं नाही.

१९ नोव्हेंबर

कापूस. आजचा दिवस मोठा गेला, सविस्तर लिहिते.

आमच्या भागातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ओळखीनं शिरता आलं. आवारात बंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोरच्या रांगा. या २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ७,५२१ आणि मध्यम धाग्याला ७,१२१ रुपये हमीभाव आहे. आर्द्रता आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढं बारापर्यंत कपात, त्याहून ओला असेल तर सरकारी खरेदीत माल परत. आर्द्रता मोजायला यंत्र आहे. पण गाडीत हात घालून पहिला शब्द बोलणारा माणूस अजून माणूसच आहे.

हे काका कितीतरी वर्षं कापूस पाहताहेत. गाडीच्या वरचा कापूस ते बघतच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालून मधला मूठभर काढतात. सरकी सोडवून एक पुंजका दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरतात, ओढून दोन भाग करतात, एकावर एक ठेवतात, परत ओढतात. असं चार-सहा वेळा. आखूड धागे गळून पडतात आणि उरलेले सरळ रांगेत येतात. मग ती पातळ पट्टी ते स्वतःच्या गडद निळ्या स्वेटरच्या बाहीवर ठेवतात आणि लांबी पाहतात. पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं, म्हणून बाही.

मी पुढून गेले तर म्हणाले, "ताई, तिकून नाही दिसत. उजेडाकडं पाठ करा अन् माह्या खांद्यावरून पाहा." ते शेडच्या उत्तरेच्या दारात उभे होते. विचारलं तर म्हणाले, त्यांचे गुरूही याच दारात उभे राहायचे, दुपारी दक्षिणेच्या दारात कापूस पिवळा दिसतो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. तेच कारण, जे सुपाच्या बाबतीत होतं. मला आतून फार बरं वाटलं.

पांढऱ्याबद्दल आज जे शिकले ते कुठल्याही वर्गात शिकले नसते. पहिल्या वेचणीचा कापूस थंड पांढरा, किंचित निळसर. बोंडात असताना पाऊस लागला तर पिवळट. कवडी म्हणजे किडीनं खाल्लेलं किंवा अर्धवट उमललेलं बोंड, त्यावर तपकिरी डाग. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा, कापूस मळकट आणि हाताला कमी जिवंत लागतो. त्यात पत्तीचा कचरा असला तर दुरूनच करडी झाक येते. एका ढिगासमोर उभं राहून त्यांनी मला बोटानं दाखवलं की ही गाडी दोन शेतांची आहे. मला आधी एकच पांढरा ढीग दिसत होता. ते बोलल्यावर मधली सीमा स्पष्ट दिसू लागली, आणि एकदा दिसल्यावर ती पुसता येईना.

कॅमेऱ्याला हे आपणहून कळत नाही. त्याचं मीटर समोर जे असेल ते सरासरी करड्यावर आणतं, म्हणून कापूस राखेसारखा येतो. म्हणून चित्राचा उजेड दीड स्टॉप, म्हणजे दीड पायरी, वाढवला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सोय, ऑटोवर ठेवला तर तो पिवळटपणा दुरुस्त करून टाकतो आणि दोन शेतांमधला फरक नाहीसा होतो. म्हणजे ज्या फरकावर क्विंटलमागं शेकडो रुपये वर-खाली होतात तो फरक यंत्र चूक समजून पुसतं. दारातल्या उजेडात ५६०० केल्विनवर कायम करून टाकला. सगळे पांढरे आपापल्या जागी आले.

ही चित्रं काळ्या-पांढऱ्यात करायचा विचार होता. आता नाही. कापसाचा हा सगळा भाग रंगीतच राहील, आणि रंग इतका थोडा की पाहणाऱ्याला थांबावं लागेल.

संध्याकाळी गाठी बांधायच्या प्रेसपाशी गेले. एक गाठ १७० किलोची. तिथं धूळ, आवाज, दणका सगळं आहे, चित्रं जोरकस मिळतात. पण तिथं कुणी पाहत नव्हतं, सगळे उचलत होते. ती चित्रं या प्रकल्पात घेणार नाही.

२० नोव्हेंबर

मतदान. काम नाही. कालच्या फायली पाहिल्या, बाहीवरच्या पट्टीची चौकट पक्की.

४ डिसेंबर

वरुडकडे. संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात हाती येणाऱ्या फळांची, तोड जोरात आहे. बगिचे उक्ते घेणारा व्यापारी झाडं मोजत जातो आणि बाहेर येईस्तोवर आकडा सांगतो. कधी नगावर, कधी टनावर. शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत मागं मागं.

हा माणूस झाडासमोर उभा राहत नाही. प्रत्येक ओळीत एक-दोन झाडांखाली वाकून शिरतो, बुंध्याशी उकिडवा बसतो आणि वर पाहतो. म्हणाला, "बाहेरून झाड हिरवं दिसते, ताई. खालून पाहा, मंग माल दिसते." बसले. खरंच, बाहेरून पानांनी झाकलेली फळं खालून आभाळावर ठिपक्यांसारखी मोजता येतात. फांद्यांना लावलेले बांबूचे टेकू कुठं आहेत, कोणती फांदी किती वाकली आहे, तेही तिथूनच कळतं, आणि वाकणं हेच वजन.

२४ एमएम आणलं ते बरं झालं. संत्र्याच्या बगिच्याची चित्रं मी आजवर माणसाच्या उंचीवरूनच केली होती. बुंध्याशी बसून वर पाहणारी चौकट मला सुचली नसती. ती त्या व्यापाऱ्याच्या धंद्यातून आली. इथं आभाळ पांढरंफटक जळू द्यायचं, फळाच्या खालच्या बाजूचा रंग सांभाळायचा.

१५ डिसेंबर

बैलबाजार. एकटी बाई कॅमेरा घेऊन फिरते म्हटल्यावर आधी सगळे माझ्याकडेच पाहत होते. एका म्हाताऱ्या बाबांजवळ जाऊन बसले, कॅमेरा मांडीवर, तासाभरात लोक विसरले.

आमच्या वर्धेकडचा बैल म्हणजे गवळाऊ. पांढरा, उंच, लांबट तोंडाचा, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजांनी सामान वाहायला ही जात जोपासली. बाबांनी दात दाखवले: दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला, म्हणजे पूर्ण दातांचा. पण दात सगळेच पाहतात. बाबा बैलाला चालवायला लावतात आणि स्वतः जमिनीकडे पाहतात. मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतं का ते पाहायचं. पडलं तर चाल सरळ, कंबर मजबूत. सकाळचं ऊन आडवं असतानाच हे पाहायचं, कारण तेव्हा ठशाला खोली दिसते. दुपारी धूळ सपाट होते.

म्हणून बाजारातली माझी चित्रं बैलांची झालीच नाहीत, धुळीची झाली. दोन खुरांचे एकावर एक पडलेले ठसे आणि बाजूला बाबांच्या वहाणेचं टोक.

सौदा दुपट्ट्याखाली झाला. दोघांचे हात कापडाखाली, बोटं धरून भाव सांगायचा, दाबून वाढवायचा, तोंडानं एक शब्द नाही. सगळा बाजार भोवती उभा आणि कुणालाच कळत नाही. इतकं पाहणाऱ्या लोकांनी एक गोष्ट मुद्दाम न दिसेल अशी ठेवली आहे. कापडावर उठणाऱ्या बोटांच्या हालचालीचं चित्र केलं. कापडाच्या आत कॅमेरा घालावा असा मोह झाला नाही, आणि होऊ नये.

२ जानेवारी २०२५

मावसभावाच्या शेतात जागल. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची आहे, म्हणजे हरभऱ्याला पाणीही रात्रीच आणि रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून राखणही. मचाणावर दोघं-तिघं, खाली शेकोटी. चंद्राची कोर संध्याकाळीच बुडाली.

मी टॉर्च लावली तर भावानं विझवायला सांगितली. अंधार डोळ्यांत मुरायला अर्धा तास लागतो आणि एकदा टॉर्च पाहिली की तो अर्धा तास गेला. हे विज्ञानही असंच सांगतं: मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशी सावकाश जाग्या होतात. त्या डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी नसतातच. म्हणून काळोखात एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिलं की दिसते. भावाला दंडपेशी माहीत नाहीत. तो म्हणाला, "तुरीकडं पाह्यचं नाही. तुरीच्या बाजूले पाह्यचं, मंग हाललं का समजते."

त्यानं अजून एक सांगितलं. टॉर्चमध्ये डोळे चमकले तर रोही, नुसती काळी पाठ पळाली तर डुक्कर. हेही बरोबर आहे. रोह्याच्या डोळ्यामागं उजेड परत फेकणारा थर असतो, डुकराच्या नसतो.

आता चित्राचा प्रश्न. तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर कॅमेरा रात्रीतही हिरवा हरभरा, निळं आभाळ, मृगाचे तारे सगळं रंगीत दाखवतो. देखणं दिसतं. पण मचाणावर बसलेल्याला रंग दिसतच नाहीत, डोळ्याच्या दंडपेशींना रंग कळत नाही. ते चित्र केलं तर ते माझ्या यंत्राचं होईल, जागल करणाऱ्याचं नाही. म्हणून ठरवलं: काळं-पांढरं, फार गडद, आणि चौकटीच्या मध्यभागी काहीच नाही. जे आहे ते कडेला, तुरीच्या ओळीशी. मॅट कागदावर काळा किती उतरतो ते छापल्याशिवाय कळणार नाही.

पहाटे चारपर्यंत थंडीनं बोटं वळेनात. भाऊ त्या थंडीत बंधाऱ्याला पाणी वळवायला उतरला. तो आठवडाभर असाच उतरतो.

१९ जानेवारी

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. झाडीपट्टीतला नाटकांचा हंगाम भरात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून गावोगावी रात्रभर नाटकं होतात, आणि बऱ्याच कंपन्यांची ठाणी वडशात आहेत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक ही जुनी जोडी. पटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम ठेवली. २०२३ सालीच इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. इथल्या लोकांच्या बोलण्यात या दोन्ही गोष्टी अभिमानानं येतात.

मी पडदे रंगवणाऱ्यांकडे गेले होते. राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाचं घर. अंगणात पसरलेला पडदा जवळून पाहिला तर जंगल फारच निळं वाटलं, पानं जवळपास जांभळी. त्यांनी सांगितलं की हा पडदा बल्बच्या काळातला आहे. "पिवळ्या लाईटात निळा मरते, बाई. म्हनून तवा निळा चढवूनच मारत होतो." आता एलईडी आले, उजेडात निळा मुळातच भरपूर, त्यामुळे जुने पडदे निळेजर्द दिसतात. नवे पडदे ते वेगळ्या हिशेबानं रंगवतात. त्यांच्या आधीच्या पिढीनं गॅसबत्तीसाठी रंगवले.

एक माणूस ब्रश उचलताना ठरवतो की हे चित्र कुठल्या दिव्याखाली, किती लांबून पाहिलं जाणार आहे. मध्येच उठून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जातो, कुंपणाला टेकून पाहतो, परत येतो. माझ्या कामात मी हे कधी करते? मोबाइलच्या पडद्यावर रंग ठरवते आणि कागदावर ट्यूबलाइटखाली लावते. या प्रकल्पाचे प्रिंट कुठं लागतील ते आधी ठरवायचं आणि त्या उजेडात बसूनच छपाईचे रंग ठरवायचे, हा आजचा सगळ्यात उपयोगी धडा.

रात्री नाटकाला बसले. स्टेजवरची चित्रं केली नाहीत. मागं, विंगेत, आपल्या प्रवेशाची वाट पाहत पडद्याच्या फटीतून प्रेक्षक निरखणारी नटी, तेवढं एक.

२१ जानेवारी

परतीच्या वाटेवर नवेगावबांधकडचा एक मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणून मामा. भंडारा-गोंदियातल्या जुन्या तलावांचं श्रेय कोहळी समाजाला देतात. मासेमारी ढीवरांची.

डोंगा काढण्याआधी ढीवर दादा पाळीवर चालत जागा बदलत राहिले. सूर्य एका खांद्याशी ठेवून, पाण्याकडे तिरपं, ना फार जवळ ना फार लांब. पाण्यावरची चकाकी एका विशिष्ट कोनात सगळ्यात सहज गाळता येते, पाण्याच्या सपाटीपासून साधारण ३७ अंश. माझ्या बॅगेतला पोलरायझर, म्हणजे चकाकी गाळणारा फिल्टर, त्याच कोनात सर्वांत चांगला चालतो. दादा डोळ्यांवर तळहात धरून त्याच्या आसपासच उभे राहत होते. आत शेवाळ कुठं हललं, बुडबुडे कुठं आले ते तिथून दिसतं.

त्यांच्या जागेवरून, फिल्टर लावून आणि फिल्टर काढून, अशी दोन चित्रं. शेजारी शेजारी लावणार.

११ फेब्रुवारी

निवड. घरातल्या भिंतीला दोरी बांधून छोटे प्रिंट अडकवले. देखणी चित्रं उतरवून ठेवायला मन घट्ट करावं लागलं. संत्र्यांवर पडलेलं सोनेरी ऊन, मचाणाची पहाट, नाटकाचा राजा. ती लग्नाच्या अल्बममध्येही शोभली असती. ठेवली ती चित्रं, ज्यांत चौकट किंवा उजेड त्या माणसाच्या कामानं ठरवला आहे.

चेहरे फार कमी उरले. यावर विचार केला आणि तसंच ठेवलं. मात्र प्रत्येक भागात एक तरी चौकट अशी, जिच्यात माणूस दिसतो, नाहीतर हातांना मालकच उरणार नाही.

क्रम बीपासून सुरू करून पाण्यावर संपवावा का? तो फार रचलेला वाटतो. कापूस मध्ये, सर्वांत मोठा. बाकी त्याच्या दोन्ही बाजूंना.

९ मार्च

चाचणीचे प्रिंट, बारा बाय अठरा इंच, मॅट कागद. ज्यांचे त्यांना दाखवायला नेले. लावायची जागा आमच्या शाळेचा व्हरांडा ठरली आहे, मुख्याध्यापकांनी होकार दिला. तो उत्तरेकडे उघडा आहे, म्हणून रंग तिथंच बसून तपासले.

आजींनी आपला प्रिंट पाहून पहिलं बोट एका दाण्यावर ठेवलं. "हा किडका हाय, इकडं कसा राह्यला?" चांगल्या दाण्यांच्या बाजूला खरंच एक डागाचा दाणा आहे. मला तो चित्रात दिसलाच नव्हता.

बैलबाजारातल्या बाबांनी ठसे पाहून बैलाचं वय सांगितलं. भावानं जागलीचं चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अजून काळं कर. तेच करते आहे, पुढच्या छपाईत अर्धा स्टॉप खाली.

जिनिंगमधले काका प्रिंट घेऊन सरळ त्यांच्या दारात गेले. बाहीवरची पट्टी त्यांना पसंत पडली, धाग्याची लांबी चित्रावरूनही सांगितली. पण दोन शेतांच्या ढिगावर त्यांनी मान हलवली. पिवळटपणा कमी उतरला आहे, या कागदावर पाहणारा दोन्हीला एकच भाव देईल, असं त्यांचं म्हणणं. मी परत तुलना करून पाहिली, त्यांचं बरोबर आहे. कागदाचा स्वतःचा पांढरेपणा निळसर आहे, तोच फरक खातो. उबदार पांढऱ्याचा सुती कागद मागवला आहे, त्यावर पुन्हा छापून त्यांनाच दाखवायचं.

प्रदर्शन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात, लग्नाची तारीख नसेल तो दिवस पाहून. आजींना, काकांना, बाबांना यायला गाडी सांगायची आहे. ढीवर दादांना आणि वडशाच्या पडदेवाल्यांना प्रिंट पोस्टानं. कापसाचा कागद आला की त्याच दिवशी छपाईला नागपूर.